मंडूकसूक्त आणि मोजपट्टी

पुणे शहरात जर्मन भाषा दोन दरवाजांनी आली, आणि गंमत अशी की एका दरवाजाने आत शिरलेल्या मंडळींना दुसऱ्या दरवाजाचा पत्ता क्वचितच असतो. पहिला दरवाजा संस्कृत विद्येचा. १८५९ साली मार्टिन हाउग हे व्युर्टेंबर्गचे पंडित तेव्हाच्या पूना कॉलेजात, म्हणजे डेक्कन कॉलेजच्या पूर्वावतारात, संस्कृतचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्यांच्यामागून १८६६ मध्ये फ्रान्झ कीलहॉर्न आले व सुमारे पंधरा वर्षे येथील शास्त्र्यांच्या सहवासात व्याकरणाचा व्यासंग करून पुढे ग्योटिंगेनला गेले. आणि त्याच ग्योटिंगेन विद्यापीठाने १८८५ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. तेव्हापासून ज्याला वेदाचा किंवा व्याकरणाचा अभ्यास नव्या पद्धतीने करावयाचा असेल त्याला ब्योटलिंक आणि रोट यांचा सात खंडांचा सेंट पीटर्सबर्ग कोश उघडल्यावाचून, आणि तो उघडावयाचा तर जर्मन शिकल्यावाचून, गत्यंतर उरले नाही. दुसरा दरवाजा रसायनशास्त्राचा. १९५० च्या जानेवारीत राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पाषाणला सुरू झाली तेव्हा सेंद्रिय रसायनाचे जगातले सर्वांत मोठे दप्तर, बाइलश्टाइनचा संदर्भग्रंथ, जर्मनमध्येच होते, आणि ज्या संशोधकाला एखादा पदार्थ आपल्याआधी कोणी बनवला आहे की नाही याची खात्री करून घ्यावयाची असे त्याला त्या दप्तराची पायरी चढावीच लागे.

हल्ली तिसरा दरवाजा उघडला आहे, तो नोकरीचा, आणि गर्दी सगळी तिथे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर परिचारिका, तंत्रज्ञ, अभियंते यांच्या तोंडी 'बी वन झालं का?' हा जर्मन परीक्षेच्या पायरीचा प्रश्न कुशलप्रश्नासारखा ऐकू येतो. बोट क्लब रस्त्यावरच्या ज्या भवनात यांतली पुष्कळशी मंडळी परीक्षेला बसतात त्याला ऋग्वेदाच्या संपादकाचे, मॅक्समुल्लरचे, नाव आहे. परंतु त्याचे कुतूहल बाळगण्याइतकी फुरसत व्हिसाची मुदत कोणालाच ठेवू देत नाही.

अशा स्थितीत काही उत्साही मंडळींनी असे मनात घेतले की प्राथमिक परीक्षा आटोपलेल्या विद्यार्थ्यांसाठी, मग ते विज्ञानाचे असोत वा कलाशाखेचे, जुने जर्मन ग्रंथ वाचण्याचा एक वर्ग काढावा, आणि ते ग्रंथ असे निवडावेत की ज्यांत निसर्गाचे शास्त्र आणि माणसाची विद्या एकमेकींत मिसळलेल्या असतील. मसुदा तयार झाला, आणि तो दोन वृद्धांना दाखवून त्यांची शिफारस मिळवण्याचे काम माझ्याकडे आले. पैकी एक रसायनाचे डॉक्टर, ज्यांनी तरुणपणी संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन पैदा केले व ते आयुष्यभर केवळ संदर्भग्रंथांपुरते वापरले. दुसरे संस्कृतचे व जर्मनचे अध्यापक, ज्यांना सारे एरंडवणे शास्त्रीबुवा म्हणून ओळखते. दोघांचा स्नेह जुना, आणि मतभेद त्याहून जुने.

डॉक्टरांनी चष्मा पुसून यादी वाचली. गटेचा वनस्पतींच्या रूपांतरावरचा १७९० चा निबंध, हुम्बोल्टच्या 'कॉसमॉस'मधील उतारे, राँटगेनचा १८९५ चा नव्या किरणांवरील लेख, हेर्मान याकोबीचा ऋग्वेदाच्या काळावरील १८९३ चा लेख. यादी खाली ठेवून ते म्हणाले, "यात शिकवण्याजोगा एक. राँटगेन. लेखाला सतरा कलमे आहेत, जे दिसले तेवढेच लिहिले आहे, आणि जे समजले नाही ते समजले नाही असे लिहिले आहे. बाकीचे सगळे हौसेचे मामले."

"आणि तुम्ही स्वतः काय वाचलेत जन्मभर?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"बाइलश्टाइन. त्यात वाक्ये नसतातच म्हटले तरी चालेल, शास्त्रीबुवा. पदार्थाचे नाव, वितळण्याचा अंक, उकळण्याचा अंक, कशात विरघळतो, कशात नाही, आणि कोणी कुठे छापले. जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते म्हणून तुम्ही मुलांना जे भय घालता ते आम्हाला कधी वाटले नाही, कारण आमच्या ग्रंथात क्रियापदाचीच वानवा. दीडदोनशे शब्दांत माझा संसार झाला. भाषा हे अवजार आहे, आणि जेवढे काम तेवढेच अवजार बाळगावे. आता तर तेवढेही नको. मुलांच्या खिशातला फोन पानाचा अर्थ क्षणात सांगतो."

"निकाल तुम्हाला मिळत गेला, हे कबूल," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "पण निकालापर्यंत माणूस कसा गेला, कुठे अडखळला, कोणाशी भांडला, हा कज्जा बाइलश्टाइनमध्ये नोंदलेला नसतो. तो लेखांत असतो, पत्रांत असतो, आणि तो वाचायला क्रियापद लागते. बरे, फोनचेच घेऊ. याकोबीच्या लेखातला मुख्य मुद्दा फोनला विचारा. तो एक अर्थ देईल, आणि त्या अर्थावर वर्षानुवर्षे वाद चालला होता ही गोष्ट गिळून टाकील."

याकोबीचे प्रकरण येथे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण पुण्याचा त्याच्याशी फार निकटचा संबंध आहे. १८९३ साली लोकमान्य टिळकांचे 'ओरायन' प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी बॉन विद्यापीठातील याकोबींनी, टिळकांच्या ग्रंथाची वार्ता नसताना, रोट या आपल्या ज्येष्ठांच्या गौरवग्रंथात ऋग्वेदाच्या काळाविषयी एक लेख लिहिला. दोघांचाही निष्कर्ष असा की वेदांतील काही वचने वसंतसंपात (वसंतात दिवस व रात्र समान होतात त्या वेळचे सूर्याचे स्थान) मृगशीर्षात होता त्या काळची, म्हणजे ख्रिस्तपूर्व चार हजार वर्षांच्या आसपासची आहेत. हा गौरवग्रंथ श्टुटगार्टला छापला गेला आणि रोट हे ट्युबिंगेनचे; दोन्ही गावे आजच्या बाडेन-व्युर्टेंबर्गात. म्हणजे ज्या प्रांताकडे आज पुण्याची मुले नोकरीसाठी डोळे लावून आहेत त्याच प्रांतात मृगनक्षत्राचा हा हिशेब छापून निघाला होता.

याकोबीची युक्ती अशी. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३ वे सूक्त बेडकांचे आहे. त्याच्या नवव्या ऋचेत हे बेडूक 'द्वादशा'चा क्रम पाळतात असे म्हटले आहे. याकोबींनी याचा अर्थ 'बारावा महिना' असा घेतला: बारावा महिना सरला की पाऊस येतो, म्हणजे वर्षाचा आरंभ पावसाळ्याच्या तोंडी, दक्षिणायनाच्या सुमारास. दुसरीकडे दहाव्या मंडलातील ८५ व्या, विवाहाच्या सूक्तात फल्गुनी नक्षत्राचा उल्लेख आहे, आणि तो वर्षारंभाचा मानला तर दक्षिणायनाच्या वेळी सूर्य फल्गुनीत होता असे ठरते.

एवढे ऐकल्यावर डॉक्टरांनी माझ्या हातातला मसुदा ओढून घेतला व त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने मांडणी सुरू केली. "नक्षत्रे २७, अंश ३६०, एका नक्षत्राला १३ अंश २० कला. उत्तरा फल्गुनीपासून मागे मोजत मृगापर्यंत सात नक्षत्रे. म्हणजे ९३ अंश २० कला. दक्षिणायनबिंदू आणि वसंतसंपात यांत अंतर ९० अंशांचे. ठीक, जुळते." पेन्सिल थांबली नाही. "संपात एक अंश मागे सरकायला सुमारे ७२ वर्षे घेतो, एक नक्षत्र मागे पडायला ९६०. आज संपात उत्तरा भाद्रपदात. मृगापासून तिथवर सहा नक्षत्रे. सहा गुणिले ९६०, पाच हजार सातशे साठ. नक्षत्राच्या कोणत्या टोकापासून धरता त्यावर पाचसातशे वर्षे इकडेतिकडे. बरोबर आहे हो! हा गृहस्थ गणितात चुकलेला नाही."

शास्त्रीबुवा काही न बोलता पाहत राहिले. डॉक्टरांची पेन्सिल मग आपण होऊन पहिल्या ओळीकडे परत गेली. "पण हे सारे त्या एका शब्दावर उभे आहे. 'द्वादश' म्हणजे बारावा महिना नसून बारा भागांचे वर्ष असेल तर?"

"तसेच संस्कृतपंडित व्हिटनी म्हणाले, आणि तसेच ओल्डेनबर्गही म्हणाले. १८९४ मध्ये जर्मन प्राच्यविद्या परिषदेच्या नियतकालिकात ओल्डेनबर्गांनी याकोबीचा समाचार घेतला. ब्यूलर मात्र याकोबी आणि टिळक यांच्या बाजूला उभे राहिले. आता तुम्हीच सांगा, ही ज्योतिषाची तकरार की व्याकरणाची? आणि ती ज्या भाषेत झाली ती भाषा शिकवताना हा लेख बाजूला ठेवायचा आणि रेल्वे स्टेशनवर तिकीट मागणाऱ्या काल्पनिक दांपत्याचा संवाद पाठ करून घ्यायचा?"

"तिकीट मागता आले पाहिजे," डॉक्टर म्हणाले. मला हे उत्तर आवडले, कारण जुन्या ग्रंथांचे प्रेमी तिकिटाला फार लवकर तुच्छ लेखतात.

शास्त्रीबुवांनी मग व्याकरणाचा मुद्दा काढला. जर्मन लेखक प्रतिपक्षाचे म्हणणे सांगतो तेव्हा क्रियापदाचे निराळे रूप वापरतो. ते रूप दिसले की वाचकाने समजावे, हे विधान लेखकाने दुसऱ्याच्या नावे जमा केले आहे, स्वतःच्या नाही. मराठीत आपण 'म्हणे' लावून जे करतो ते हेच, फक्त 'म्हणे'त जी टवाळी डोकावते तिचा तेथे लवलेश नसतो. पाठ्यपुस्तकात हे रूप एका कोष्टकात येते, विद्यार्थी ते घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. परंतु वादाच्या लेखात तो त्याच्याशिवाय एक परिच्छेदही ओलांडू शकत नाही. कोणते वाक्य याकोबीचे आणि कोणते ओल्डेनबर्गचे हे त्या एका प्रत्ययावरून ठरते. "विज्ञानाच्या विद्यार्थ्याला," ते म्हणाले, "निरीक्षण कोणते आणि अनुमान कोणते हे वेगळे ओळखता आले पाहिजे असे तुम्ही लोक सतत सांगता. इथे भाषाच ते वेगळे करून पुढ्यात ठेवते."

डॉक्टर एवढ्यावर मान डोलावतील असे मला वाटले होते. परंतु त्यांनी जी हरकत घेतली ती माझ्या मते त्या संध्याकाळची सर्वांत भक्कम हरकत होती, आणि शास्त्रीबुवांच्या सर्व वक्तृत्वाने ती निघाली नाही. "हे शिकवणार कोण? जर्मनच्या बाईंना संपाताची गती ठाऊक नाही, आणि ज्याला ती ठाऊक आहे त्याला जर्मन येत नाही. मग वर्गात काय होईल ते सांगतो. संपात म्हणजे काय हे पाच मिनिटांत गुंडाळले जाईल, आणि उरलेला तास याकोबी किती थोर, टिळक किती थोर यात जाईल. पुण्यात तर हे हमखास. तुम्ही ज्या लेखाला टिळकांचे नाव जोडाल तो लेख वाचायला कोणी येणार नाही. नमस्कार करायला येतील. आणि वर्गाबाहेर पडताना मुलगा तारीख घेऊन जाईल. वेद सहा हजार वर्षांचे, जर्मन पंडितानेच सांगितले! त्या तारखेवर पुढे काय हरकती आल्या ते तुमच्या ओल्डेनबर्गच्या पानांत राहील."

शास्त्रीबुवांना हे लागले असावे. ते म्हणाले, "टिळकांना नमस्कार नको होता. मंडालेच्या तुरुंगात पन्नाशी उलटल्यावर त्यांनी जर्मन आणि फ्रेंच शिकायला घेतले, ते प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या भाषेत वाचता यावे म्हणून." मग क्षणभराने, "पण तुमचे खरे आहे. याकोबी एकटा द्यायचा नाही. ओल्डेनबर्गसकट द्यायचा."

"आणि गणित मुलांनी स्वतः मांडायचे, फळ्यावरून उतरवायचे नाही."

"मान्य."

येथवर डॉक्टर विज्ञानाच्या बाजूचे व शास्त्रीबुवा विद्यांच्या ऐक्याचे वकील होते. यानंतर जे घडले त्याने ही वाटणी बिघडली. मोजमापच शिकवायचे असेल, डॉक्टर म्हणाले, तर नक्षत्रे कशाला, इरावतीबाईंचा प्रबंध घ्या. शास्त्रीबुवांचा चेहरा एकदम आक्रसला.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या. त्यांचे पती दिनकर धोंडो कर्वे स्वतः जर्मनीत रसायनाची डॉक्टरेट मिळवून फर्ग्युसन कॉलेजात शिकवीत होते, तेव्हा त्या घरात जर्मन दोन्ही दरवाजांनी आली म्हणावयास हरकत नाही. बर्लिनला डालेम येथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक. युरोपीय माणसाच्या कवटीची डावी व उजवी बाजू इतरांच्याहून अधिक असमान असते आणि त्या असमानतेचा संबंध त्याच्या श्रेष्ठ बुद्धीशी आहे, अशी गुरूंची अटकळ होती, व ती पडताळून पाहण्याचे काम या पुण्याच्या विद्यार्थिनीवर आले. तिने कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असा निर्वाळा दिला. मानवी कवटीच्या स्वाभाविक असमानतेवरचा तो जर्मन प्रबंध १९३१ साली छापला गेला. फिशर १९३३ मध्ये बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले, आणि त्यांच्या शास्त्राचा पुढे जर्मनीत काय उपयोग केला गेला हे जगाला ठाऊक आहे.

"ते मी वर्गात आणणार नाही," शास्त्रीबुवा म्हणाले. "वीस वर्षांच्या मुलांना जर्मनचे शब्द म्हणून वंशाचे, कवटीचे, श्रेष्ठकनिष्ठतेचे शब्द द्यायचे? ती परिभाषाच विषारी आहे."

"आम्ही मुलांना विष हाताळायला पहिल्याच वर्षी शिकवतो," डॉक्टर उत्तरले, "बाटलीवर चिठ्ठी लावून. अहो, ह्याच प्रबंधात तुमचे सगळे आहे. एक गृहीतक आहे, ते कुठून आले याला इतिहास आहे. मोजपट्टी आहे, मिलिमीटर आहेत. उजवी बाजू डावीपेक्षा इतकी मोठी असे म्हणायचे तर हा फरक उपकरणाच्या चुकीपेक्षा मोठा आहे का, हा प्रश्न आहे; नसेल तर तो फरकच नव्हे. आणि शेवटी, ज्याच्या हाती पदवी आहे त्याच्या अपेक्षेविरुद्ध निकाल लिहिणारी बाई आहे, तीही परक्या भाषेत. राँटगेनने जे दिसले ते लिहिले, पण न लिहिण्याचा हुकूम त्याला कोणी दिला नव्हता."

शास्त्रीबुवा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे म्हटले ते संमतीपेक्षा टिपणासारखे वाटले. त्याच इरावतीबाईंनी १९६७ साली 'युगान्त' प्रसिद्ध केले, आणि कुंती, गांधारी, कर्ण यांच्याविषयी लिहिताना पाठ घेतला तो भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे नंतरच्या हातांनी घातलेली भर वजा केलेला. त्या आवृत्तीचे प्रधान संपादक विष्णु सीताराम सुखटणकर. त्यांचे शिक्षण आधी केंब्रिजला गणितात झाले, मग बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली संस्कृतात. महाभारताची चिकित्सक आवृत्ती कशी दिसावी याचा छापील नमुना ल्यूडर्स यांनी १९०८ मध्येच काढला होता. १९२५ साली सुखटणकरांनी सूत्रे हाती घेतली, १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झाले, आणि ते १९४३ मध्ये वारल्यानंतरही काम चालू राहून १९६६ साली आवृत्ती तडीस गेली. "पाठचिकित्सा हेही मोजमापच आहे, डॉक्टर. सुमारे साडेबाराशे हस्तलिखिते!"

"नाही, ती मोजणी झाली, मोजमाप नव्हे," डॉक्टरांनी ताबडतोब अडवले. "साडेबाराशेंपैकी हजारांत एक श्लोक असला तर तो खरा ठरतो का?"

"मुळीच नाही. एका प्रतीवरून उतरवलेल्या शंभर प्रती ही एकच साक्ष. एकमेकींशी संबंध न आलेल्या परंपरा जुळल्या तर ती खरी साक्ष. म्हणून सुखटणकरांनी काश्मीरच्या शारदा लिपीतल्या मोजक्या प्रतींना एवढे वजन दिले."

"मग ही स्वतंत्र निरीक्षणांची कसोटी झाली! हे तुम्ही आधी का बोलला नाहीत? तीस वर्षे मला वाटत होते की तुम्ही लोक प्रती मोजून बहुमताने रामकृष्ण हरी करता."

शास्त्रीबुवा हसले, पण डॉक्टरांचे समाधान झाले नव्हते. प्रयोग पुन्हा करता येतो, हस्तलिखित पुन्हा लिहून घेता येत नाही. म्हणून दोन्ही कसोट्या एकच आहेत असे मुलांना सांगितले तर ते खोटे ठरेल, असा त्यांचा आग्रह राहिला. या मुद्द्यावर मी डॉक्टरांच्या बाजूचा आहे. विज्ञान व मानव्यविद्या यांचा संगम हा शब्दप्रयोग हल्ली प्रत्येक शैक्षणिक परिपत्रकात असतो, आणि दोन्हींची शिस्त सैल केली की संगम सुलभ होतो असा समज त्यामागे दडलेला असतो. सुखटणकरांनी गणित अंगी मुरवले होते, पण महाभारताला समीकरण मानले नाही. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, पण द्रौपदीला मोजपट्टी लावली नाही.

शिफारशीचा प्रश्न तरीही शिल्लक होता. बराच खल होऊन मसुद्यात फेरफार झाले ते असे. आरंभ राँटगेनपासून, कारण वाक्ये लहान आहेत व कलमे वेगळी आहेत, आणि एका तासाला एक कलम पुरते. पुढे याकोबी, ओल्डेनबर्गला जोडून. तेथे पंचांग जाणणारा एखादा गृहस्थ दोन तासांसाठी बोलवावा, मग त्याला जर्मन येवो न येवो. इरावतीबाईंचा प्रबंध शेवटी, आणि त्यातील एक सारणी प्रत्येकाने वहीत हाताने उतरवून तिच्याखाली आपल्या जर्मनमध्ये, निरीक्षण आणि अनुमान वेगळे दिसेल अशा रूपांत, निष्कर्ष लिहावा. हुम्बोल्ट दोघांच्याही मते फार लांबतो, सबब गळाला. गटेच्या नावावर डॉक्टरांनी काट मारली होती; शास्त्रीबुवांनी त्याच पेन्सिलीने तो परत लिहिला आणि समासात 'परीक्षेस नाही' अशी टीप दिली.

दोन अध्यापकांनी एकाच तासाला वर्गात उभे राहावे ही डॉक्टरांची अट मात्र कोरी राहिली. जर्मनच्या बाई तयार होतील असे शास्त्रीबुवा म्हणाले. पदार्थविज्ञानाचा एक तरी अध्यापक संध्याकाळी सहाला, मानधनाशिवाय, दुसऱ्याच्या वर्गात अर्धा तास गप्प बसायला तयार होईल का, याची चौकशी करून आठ दिवसांत कळवण्याचे मी पत्करले आहे.